ओढणं वेगळं, फेकणं वेगळं : दुनळी बंदुकीच्या इजेक्टरच्या लाकडी मॉडेलच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

सकाळी सांगलीला मामांच्या दुकानात गेलो होतो. मामांकडे बंदूक दुरुस्तीचा परवाना आहे, त्यांच्या वडिलांपासूनचा. मी मिरज एमआयडीसीत टूलरूमला असल्यामुळे काही अडलं की ते मला मापं घ्यायला बोलावतात. बंदुकीला हात त्यांचाच, व्हर्निअर माझा, असं आमचं ठरलेलं आहे.

आजची बंदूक शिराळ्याकडच्या एका शेतकऱ्याची. बारा बोरची जुनी विलायती दुनळी, आजोबांपासून घरात, परवाना पीकसंरक्षणाचा. तक्रार एका वाक्याची होती: "उजवीकडची पुंगळी उडती, डावीकडची बसून राहती." पुंगळी म्हणजे बार झाल्यावर उरलेलं रिकामं काडतूस.

मामांनी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, प्रकाशासमोर धरून मलाही दाखवल्या आणि मग दोन्हींत स्नॅप कॅप घातल्या. ही खोटी काडतुसं, आत दारू नाही, पिनेचा मार सोसायला मागे रबर. दोन्ही चाप ओढले आणि बंदूक उघडली. उजवी कॅप टणकन उडून पोत्यावर पडली. डावी फक्त बोटाच्या पेराएवढी वर आली आणि थांबली.

मामा म्हणाले, "बघ, ह्यात दोन कामं हायेत. उचलायचं काम दोन्हीकडं नीट चाललंय. फेकायचं काम डावीकडं बंद हाय. ओढणं येगळं आणि फेकणं येगळं."

मी इतकी वर्षं या दोन्हींना एकच समजत होतो. साध्या दुनळीत नळ्यांच्या मागच्या तोंडाशी, दोन्ही नळ्यांच्या मधोमध, चंद्रकोरीच्या दोन खाचा असलेला एकच तुकडा असतो. काडतुसाची कड त्या खाचांवर टेकलेली असते. बंदूक उघडली की तुकडा मागे सरकतो आणि दोन्ही काडतुसं थोडी बाहेर येतात, मग ती बोटांनी काढायची. हा एक्स्ट्रॅक्टर. इजेक्टर असलेल्या बंदुकीत तोच तुकडा मधोमध उभा चिरलेला असतो. दोन अर्धे, प्रत्येकाची दांडी स्वतंत्र, आणि ज्या नळीतून बार झाला त्याच नळीचा अर्धा पुढच्या लाकडात (नळ्यांखाली डावा हात धरतो ते) बसवलेल्या स्प्रिंगच्या जोरावर फटका खाऊन पुंगळी बाहेर फेकतो. दुसऱ्या नळीत न उडवलेलं काडतूस असेल तर ते नुसतं वर उचललं जातं.

म्हणजे कुठली नळी उडाली हे त्या यंत्राला कळतं. कसं कळतं ते मामांनी समजावलं, पण माझ्या डोक्यात चित्र उभं राहिना. सगळे भाग नखाएवढे आणि त्या पुढच्या लाकडात बसवलेल्या लोखंडाच्या आत लपलेले. म्हणून मोठं लाकडी मॉडेल करायचं ठरवलं. मामांनाही ते गिऱ्हाइकांना दाखवायला हवं आहे.

८ जून

मापं घेतली. काडतुसाच्या अंगाचा व्यास साधारण २०.३ मि.मी., कडेचा २२.४, कडेची जाडी दोनाला थोडी कमी, चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, लांबी ७० मि.मी. एक्स्ट्रॅक्टरची पूर्ण उचल ७.५.

पट ठरवायला पाइप कामी आला. चुलतभावाच्या द्राक्षबागेत ठिबकच्या मेनलाइनचा ७५ चा पीव्हीसी पाइप उरला होता. २०.३ चे ७५ करायचे तर ३.७ पट. मग कड ८३, चेंबर २५९, उचल २८. पाइपच्या मागे ८३ च्या ॲक्रिलिकच्या चकत्या चिकटवल्या की पुंगळी तयार. चेंबरसाठी सागवानाचे ठोकळे ७५.६ ला बोअर केले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तुणीच्या लाकडाचे तुकडे मिळाले. चांगलं मुरलेलं, हलकं लाकूड आहे, पावसाळ्यातही फारसं वाकत नाही. बाकीचा सांगाडा त्याचाच.

१५ जून

आधी फक्त एक्स्ट्रॅक्टर केला. चिरलेला नाही, एकच तुकडा, एक दांडी. बिजागरीजवळ लाकडी कॅम, म्हणजे दांडीला रेटणारा उंचवटा. नळ्या खाली झुकल्या की कॅम दांडीला मागे रेटतो.

पहिल्याच फेरीत चाललं. पण मोकळी पुंगळी उचलणं ही काही परीक्षा नव्हे. खऱ्या बंदुकीत बार झाला की आतल्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. ती तशी चिकटावीच लागते, नाहीतर गॅस मागे निसटेल. दाब गेला की पितळ आणि प्लास्टिक थोडं आकसतं आणि पुंगळी सुटते. चेंबर गंजलेलं असेल, आत जुन्या पुंगळ्यांचं प्लास्टिक घासून बसलं असेल किंवा कागदी काडतूस ओलीने फुगलं असेल तर मात्र ती सहज सुटत नाही. शिराळ्याच्या पुढे चांदोलीच्या अंगाला जो पाऊस पडतो, त्यात कागदी काडतुसांचं काय होत असेल ते मामांनी पूर्वी पाहिलेलं आहे. काही तर चेंबरमध्ये शिरतच नसत.

म्हणून मी पुंगळीभोवती ओल्या वर्तमानपत्राचा एक पदर गुंडाळून ती ठोकून बसवली. हातांनी कड धरून ओढली, हलेना. पकडीने ओढली तर चकतीचा कपचा उडाला. मग नवीन चकती लावून, तशीच ठोकून, नळ्या हळूहळू खाली दाबल्या. करकर आवाज झाला आणि पुंगळी शांतपणे वर आली.

रात्री बसून हिशोब मांडला. खऱ्या बंदुकीत डावा हात बिजागरीपासून साधारण ३०० मि.मी. पुढे असतो. नळ्या सुमारे २५ अंश उघडतात, म्हणजे हात जवळजवळ १३१ मि.मी. खाली जातो. तेवढ्यात एक्स्ट्रॅक्टर सरकतो फक्त ७.५. सरासरी सतरापट फायदा. घर्षण सोडलं तर हाताचा ५ किलोचा जोर पुंगळीच्या कडेवर ८५ किलो होऊन पोचतो. एवढ्या छोट्या जागेत बसणारी कुठलीही स्प्रिंग हे करू शकत नाही. अडकलेली पुंगळी सोडवतात ती नळ्याच, पहारीसारख्या.

१६ जून

कालच्याला जोडून. संध्याकाळी फोनवर मामांनी जुनी गोष्ट सांगितली. उघडणाऱ्या बंदुका आधी आल्या, एक्स्ट्रॅक्टर नंतर. पॅरिसच्या लफोशोने १८३० च्या दशकात जी बंदूक आणली तिच्या काडतुसाला बाजूने एक खिळा बाहेर आलेला असे. घोडा त्या खिळ्यावर पडायचा, आणि बार झाल्यावर तोच खिळा चिमटीत धरून पुंगळी ओढायची. काढायची सोय काडतुसालाच होती. पुढे टिकली काडतुसाच्या बुडात मधोमध गेली आणि खिळा गेला. मग धरायला उरली फक्त कड, आणि ती नळीच्या तोंडाशी चपटी बसलेली, नखही जाणार नाही अशी. एक्स्ट्रॅक्टर बंदुकीत आला तो या गरजेतून.

२२ जून

आज एक्स्ट्रॅक्टर मधोमध चिरला. करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी फट ठेवली. दोन्ही अर्ध्यांना स्वतंत्र दांडी, आणि पूर्ण बाहेर निसटू नये म्हणून प्रत्येकीला खाच पाडून आडवी पिन.

पुढच्या लाकडात दोन स्प्रिंगा, प्रत्येक दांडीमागे एक. नळ्या बंद केल्या की स्प्रिंगा दबतात, एक छोटी कळ त्यांना धरून ठेवते, नळ्या पुरत्या उघडल्या की कळ सुटते. एकनळी साध्या इजेक्टर बंदुकांत बरंचसं असंच असतं.

सुटली आणि दोन्ही पुंगळ्या भिंतीवर जाऊन आदळल्या. मुलगा खूश झाला. मी नाही. कारण यात आठवण नाही. एक बार झाला असेल आणि दुसरं काडतूस जिवंत असेल तरी दोन्ही बाहेर. एकनळीला ते चालतं, दुनळीला चालत नाही.

आणखी एक चूक याच दिवशी सापडली. मी कळ फार लवकर सुटेल अशी लावली होती, कॅमने दांडी उचलायच्या आधी. ओला कागद गुंडाळलेल्या पुंगळीवर हा फटका बसला तेव्हा पुंगळी हललीही नाही आणि ॲक्रिलिकची चकती कडेला चिरली. खऱ्या बंदुकीत असं झालं तर एक्स्ट्रॅक्टर कडेवरून घसरतो आणि पुंगळी त्याच्या खाली अडकते. मग ती वरून निघत नाही, नळीच्या पुढून सळई घालून काढावी लागते. म्हणून क्रम पक्का: आधी कॅमने सावकाश सोडवायचं, पुंगळी सैल झाल्यावर शेवटी फटका.

२९ जून

आठवडाभर एकच प्रश्न: यंत्राला आठवण कशी द्यायची?

कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ नीडहॅमने १८७४ मध्ये निवडक, म्हणजे उडालेल्या नळीचीच पुंगळी फेकणाऱ्या, इजेक्टरचं पेटंट घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७५ ला, त्याच शहरातल्या वेस्टली रिचर्ड्समध्ये ॲन्सन आणि डीली यांनी ती बॉक्सलॉक रचना केली, ज्यात नळ्या खाली झुकल्या की आतले घोडे आपोआप चढतात. शिराळ्याची बंदूक त्याच घराण्यातली. तिकडे तेव्हा हाकून आणलेल्या पक्ष्यांच्या शिकारीत फेरी संपायच्या आत पुन्हा भरायची घाई असे, म्हणून एवढी डोकी यात खपली.

मामांकडे आलेल्या या बंदुकीतला इजेक्टर टॉमस साउथगेटच्या पद्धतीचा आहे. पुढच्या लोखंडात प्रत्येक नळीसाठी एक छोटा टंबलर, म्हणजे पिनेवर फिरणारा हातोडा, आणि त्याच्यावर दाबणारी इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग. मला कळत नव्हतं ते हे की त्या टंबलरला धरून ठेवणारी कळच तिथे नाही. मग तो दबलेल्या स्प्रिंगसमोर गप्प बसतो कसा?

उत्तर आज पार्किंगमध्ये मिळालं. गाडीचा साइड स्टँड पायाने मागे घेताना मध्येच पाय थांबला. अर्ध्यापर्यंत स्प्रिंग स्टँडला खाली ओढते, अर्धं ओलांडलं की तीच स्प्रिंग वर ओढते. मधला बिंदू म्हणजे स्प्रिंगच्या ओढीची रेघ फिरण्याच्या पिनेवरून जाते तो. त्याच्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. कळ लागतच नाही. टंबलर अलीकडच्या घरात बसलेला असतो, आणि स्प्रिंगच त्याला तिथे दाबून धरते. त्याला फक्त मधला बिंदू ओलांडेपर्यंत ढकलायचं. पुढचं काम स्प्रिंग करते.

आता आठवण. घोडा पडला की त्याच्या पायाने एक बारीक सळई पुढे सरकते आणि बिजागरीच्या गोलाईतून तिचं टोक जरासं बाहेर डोकावतं. नळ्या उघडताना टंबलरची टाच त्या टोकावर येऊन अडते आणि टंबलर मधल्या बिंदूपलीकडे ढकलला जातो. फटका, पुंगळी बाहेर. घोडा पडलाच नसेल तर सळई आत, टाचेला अडायला काही नाही, टंबलर आपल्या घरात तसाच. काडतूस नुसतं उचललं जातं. कुठली नळी उडाली याची सगळी आठवण त्या सळईच्या दोन-तीन मिलिमीटर डोकावण्यात आहे. हे समजलं तेव्हा मी पार्किंगमध्येच बराच वेळ उभा होतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपवास आणि सुट्टी, दिवसभर काम. टंबलर १० मि.मी. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कापले. स्प्रिंग म्हणून गॅरेजमधून साइड स्टँडच्याच दोन जुन्या स्प्रिंगा आणल्या. व्ही स्प्रिंग मॉडेलात दिसायला अवघड, ताणाची स्प्रिंग लांबूनही दिसते. घोड्याने पुढे सरकणाऱ्या सळया ८ मि.मी. च्या.

बंद करताना एक्स्ट्रॅक्टरचे दोन्ही अर्धे मागच्या उभ्या भिंतीला टेकतात, त्यांच्या दांड्या आत जातात आणि टंबलर परत अलीकडच्या घरात ढकलले जातात. म्हणजे पुढच्या फटक्याची ताकद बंद करणाऱ्या हाताने आधीच भरून ठेवलेली असते. इजेक्टरची बंदूक बार झाल्यावर बंद करायला जड लागते ती याच कारणाने. ती जड लागली तर जोरात आपटून बंद करायची नसते.

९ जुलै

आज पूर्ण जोडणी. दोन्ही घोडे पाडले, नळ्या उघडल्या. उजवी पुंगळी उडाली. डावी उचलली आणि थांबली.

आधी वाईट वाटलं, मग अंगावर काटा आला. हा तर शिराळ्याच्या बंदुकीचाच दोष.

डाव्या टंबलरला बोटाने हलवून पाहिलं. नळ्या पूर्ण उघडलेल्या असताना तो मधल्या बिंदूपासून केसभर अलीकडे थांबला होता. बोट लागताच खाडकन पलीकडे गेला. डावी सळई मी २ मि.मी. आखूड कापली होती. स्प्रिंग चांगली, टंबलर चांगला, दांडी मोकळी, फक्त ढकलणारं टोक तिथवर पोचत नव्हतं. डावी स्प्रिंग काढून आणखी जोरदार लावून पाहिली, तर टंबलर आपल्या घरात अधिकच घट्ट बसला. मधल्या बिंदूच्या अलीकडे स्प्रिंग आपल्या विरुद्ध काम करते, हे डोळ्यांनी पाहिलं.

रात्रीच मामांना फोन केला. "मामा, डाव्या सळईचं टोक मोजा."

१३ जुलै

दुकानात. मामांनी घोडे पाडलेल्या स्थितीत दोन्ही सळयांची डोकावणी मोजू दिली. उजवी ३.१ मि.मी. डावी २.६. टोक एका बाजूने झिजून तिरपं झालेलं.

अर्धा मिलिमीटर. ३.७ पट केलं की १.८५. माझ्या मॉडेलात मी चुकून जवळजवळ तेवढंच कमी कापलं होतं.

पुढचं लाकूड काढल्यावर दिसलं की डावी स्प्रिंग उजवीपेक्षा जाड आणि नवी आहे. आधी कुणीतरी दोष स्प्रिंगवर ढकलून ती बदलली असणार. त्यामुळे पुंगळी उडाली तर नाहीच, उलट टंबलर ढकलताना सळईच्या टोकावर जास्त भार येऊन ती आणखी झिजली असावी. मामा म्हणाले, "स्प्रिंगला दोष देणं लई सोपं असतंय. ती दिसती ना."

मला याचा राग आला. कुणाचा तरी वेळ गेला, गिऱ्हाइकाचे पैसे गेले, आणि बंदूक आधीपेक्षा बिघडली. मापाची पट्टी आधी लावली असती तर हे झालं नसतं.

२० जुलै

मामांनी नवी सळई केली. टोक मुद्दाम लांब ठेवून, बसवून, पुन्हा काढून, कानशीने थोडं थोडं उतरवत. माझं काम मोजायचं. ३.१ ला येऊन थांबले. मग टोकाला पाणी दिलं. डावी जाड स्प्रिंगही काढून उजवीच्या मापाची बसवली.

वेळ जुळवणं हे शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. दोन्ही घोडे पाडून बंदूक अगदी सावकाश उघडायची आणि ऐकायचं. टक-टक असे दोन आवाज आले तर एक इजेक्टर आधी सुटतोय. एकच टक हवा. पहिल्यांदा दोन आले. मामांनी कानशीचे तीन हलके हात मारले, पुन्हा जोडली. एकच आवाज. मला तो दुकानाबाहेरच्या रिक्षांच्या गोंगाटातही ऐकू आला.

मग वीस वेळा तपासणी. दोन्ही घोडे पाडून, फक्त उजवा पाडून, फक्त डावा पाडून, एकही न पाडता. पडलेली बाजू फेकली, न पडलेली उचलली. एकदाही चूक नाही. दोन्ही स्नॅप कॅप पोत्यावर जवळजवळ शेजारी पडत होत्या.

चेंबरला बारीक गंजाचे ठिपके होते. मामांनी लाकडी दांड्यावर फडकं गुंडाळून ते फक्त गुळगुळीत केले, माप वाढणार नाही इतपत. बंदूक दमट खोलीत कापडाच्या खोळीत ठेवली की ओल खोळीतच मुरते. गिऱ्हाइकाला हे सांगायचं आहे.

२७ जुलै

गिऱ्हाईक आले. नागपंचमी दोन दिवसांवर, शिराळ्यात गडबड आहे, तरी आले. साठीचे असावेत. मामांनी बंदूक त्यांच्या हातात द्यायच्या आधी मॉडेल पुढे ठेवलं.

मी डावी सळई आता बदलता येईल अशी केली आहे. एक पूर्ण लांबीची, एक २ मि.मी. आखूड. आधी आखूड घालून दाखवलं, मग पूर्ण. त्यांनी स्वतः तीन-चार वेळा उघडून पाहिलं. मग विचारलं, "मग स्प्रिंग बदलली ती वायाच गेली म्हणा की?" मी हो म्हणालो.

त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली काडतुसांची. ते खडकीच्या कारखान्याची शक्तिमान वापरतात, ती ठीक. पण घरात वीस बोरची दुसरी बंदूक आहे असं ते बोलता बोलता म्हणाले, म्हणून मामा गंभीर झाले. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरमध्ये घातलं तर त्याची कड एक्स्ट्रॅक्टरवर टेकतच नाही. ते पुढे घसरून चेंबरच्या पुढच्या गळ्यात अडकतं, मागून वरवर पाहिलं तर नळी रिकामी वाटते. त्यावर बारा बोरचं घालून बार केला तर नळी फुटते. म्हणून वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. दोन्ही एका पिशवीत कधीच ठेवायची नाहीत. मॉडेलमध्ये बारीक पाइप घालून तो चंद्रकोरीजवळून कसा निसटतो ते दाखवलं. काका बराच वेळ त्या नळीत बघत राहिले.

दुसरी गोष्ट त्यांनीच विचारली: शेतावर हे फेकायचं कशाला हवं? मला वाटतं नकोच. तिथे साधा एक्स्ट्रॅक्टर पुरतो, भाग कमी, झीज कमी, आणि रिकाम्या पुंगळ्या गवतात शोधत बसावं लागत नाही. पण ही बंदूक ज्या माणसांनी घडवली त्यांनी ती अशी घडवली आहे, तर ती तशीच नीट चालली पाहिजे. काका म्हणाले, "आज्याच्या वेळी दोन्ही उडत हुत्या म्हणं. मी बघितलं नव्हतं."

मामांनी स्नॅप कॅप घालून बंदूक त्यांच्या हातात दिली. काकांनी दोन्ही चाप ओढले आणि सावकाश उघडली. एकच आवाज. दोन्ही कॅप त्यांच्या खांद्यावरून मागे गेल्या. त्यांनी त्या उचलल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या आणि या वेळी फक्त डावा चाप ओढला.

मॉडेल दुकानातच ठेवलं आहे. आखूड सळई आतल्या बाजूला दोरीने बांधली आहे, वर लाल रंगात "०.५" लिहून.